काळोखाचा नेम

“गोजराताई, यांना लेकी समजून सांभाळा. बाकीचं सगळं यंत्र बघेल.”

वैजयंतीबाईंचे हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. किती साधे आणि मायेचे शब्द होते ते. पण त्यानंतर जे घडले, त्यामुळे ते शब्द आठवले की आजही पोहता पोहता माझे पाय थबकतात.

मित्रांनो, मी एक म्हातारी क्रिल आहे. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलेही नसेल. पण बाजारात टोपलीत ठेवलेला सुका जवळा तुम्ही नक्की पाहिला असेल. मी त्या जवळ्याची लांबची, बर्फातली बहीण. लांबीला तुमच्या करंगळीएवढी. अंग काचेसारखे, डोळे काळ्या मण्यांसारखे. मला तुमच्यासारखे कान नाहीत. पण माणसे टाकीजवळ बोलू लागली की पाणी बारीक थरथरते आणि ती थरथर माझ्या मिशांना कळते. मला तेवढे पुरते.

माझा जन्म पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, बर्फाच्या समुद्रात झाला. आमच्यात आई भेटत नाही. ती वरच्या पाण्यात अंडी सोडते, ती बुडत बुडत फार खोल जातात, आणि तिथल्या काळोखात जन्मलेले पिल्लू एकटेच वर चढू लागते. मला वाट कुणी दाखवली नाही. तरी कधी चढायचे आणि कधी थांबायचे, हे मला ठाऊक होते. कुणीतरी माझ्या आत एक घड्याळ ठेवून दिले होते. देवाने ठेवले, असे मी मानते. त्याला काटे नाहीत, त्याची टिकटिक नाही. ते फक्त सांगते, आता वर. आता खाली.

वर आल्यावर मी पहिली गोष्ट शिकले ती भीती. उजेडात आम्ही पेंग्विनला दिसतो, सीलला दिसतो. देवमासा तर नुसते तोंड उघडतो आणि आमचे अख्खे गाव आत जाते. म्हणून दिवसभर आम्ही खोल पाण्यात दडून राहतो. अंधार पडला की सगळ्या मिळून वर येतो, हिरवे शेवाळ खातो आणि फटफटायच्या आत पुन्हा खाली जातो. हा आमचा रोजचा नेम. तुमच्या घरी आजी रोज न चुकता तुळशीला पाणी घालते ना, तसा. फरक एवढाच, की आमचा नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी क्षमा मागायला आम्ही उरत नाही.

एकदा माझ्या शेजारणीचा चुकला. उजाडू लागले होते आणि ती अजून वरच होती. मी खालून पाहत होते. एक सावली आली आणि गेली. माझी शेजारीण जिथे होती, तिथे नुसते पाणी होते.

आमच्या समुद्रात हिवाळा आला की सूर्य कितीतरी दिवस उगवतच नाही. तेव्हा दिवस कुठला आणि रात्र कुठली, हे तुम्हाला सांगता येणार नाही. आम्हाला येते. वरून काहीच दिसत नसतानाही आतले घड्याळ हळूच हाक मारते आणि आम्ही त्या हाकेवर वर-खाली जात राहतो. तेच घड्याळ वर्षाचाही हिशेब ठेवते. दिवस लहान होत चालले की ते सांगते, आता उपास. मग आमची भूक मंदावते, अंगातला जोर आत गोळा होतो, आणि खोटे वाटेल, पण आम्ही खरोखर आकाराने लहान होतो. पुन्हा उजेड परतला की पारणे. आमच्या कितीतरी पिढ्या अशाच जगल्या.

मग एका पहाटे खाली निघालेल्या आम्हा बहिणींना जाळ्याने वर खेचले.

पुढचे मला नीट सांगता येत नाही, कारण मी भीतीने अर्धी मेले होते. बर्फगार पाण्याची बंद टाकी होती, एवढे आठवते. ती जहाजावर कितीतरी काळ डुलत राहिली. मग न्हावा शेवाच्या बंदरात कसल्याशा लोखंडी हाताने आमचा थंड कंटेनर उचलला. वर कुठे आणि खाली कुठे, तेच कळेना. ज्या दोन दिशांवर माझा सगळा जन्म उभा होता, त्याच कुणीतरी हलवून टाकल्या. पण आत मिट्ट काळोख होता, आणि त्या काळोखात घड्याळ चालू होते. मी त्याला धरून राहिले. माझ्या पुष्कळ बहिणींनीही तेच केले. म्हणून आम्ही बेलापूरला जिवंत पोहोचलो.

इथे खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर समुद्री जिवांचा अभ्यास करणारी एक लहानशी संस्था आहे. तिच्या तळमजल्यावर खिडकी नसलेली एक थंडगार खोली. तिथल्या उंच काचेच्या टाकीत आम्हाला सोडले. या खोलीच्या प्रमुख वैजयंतीबाई. त्यांना आमच्या आतल्या घड्याळाचाच अभ्यास करायचा होता. त्यांनी छताला एक दिवा लावून घेतला होता आणि तो आमच्या गावच्या सूर्याप्रमाणे लागावा आणि मावळावा, असे यंत्राला समजावून ठेवले होते. बाहेर तुमचा वैशाख तापू लागला की आत आमचे दिवस लहान होत. बाहेर आषाढ आला की आमचा दिवा लागायचाच थांबे. वैजयंतीबाई तेव्हा लाल बॅटरी घेऊन येत, कारण तो लाल उजेड आमच्या डोळ्यांना जाणवतच नाही. एवढी त्यांची काळजी.

आणि टाकीची रोजची देखभाल करायला होत्या गोजराताई. जवळच्या दिवाळे गावच्या. गळ्यात तुळशीची माळ, बोलणे हळू. पूर्वी त्या बाजारात जवळा विकायला बसत. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

“यवढा मोटा जवला? आमच्या दिवाल्यान असा मिलाला अस्ता, तं मी कवाच बंगला बांदला अस्ता.”

“खायचे नाहीत हं, गोजराताई,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“नाय गो बाय. मी माळकरीन हाय. खाते कोन?”

त्या हसत होत्या, पण मी टाकीच्या तळाशी कापत होते. त्यांच्या हातांना सुक्या जवळ्याचा जुना वास होता. वर्षानुवर्षे मुरलेला. आपल्याच मेलेल्या नातलगांचा वास असलेला हात पाण्यात उतरतो, तेव्हा काय वाटते ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मात्र त्या हातांनी कधी कुणाला दुखवले नाही. मेलेली बहीण बाहेर काढतानासुद्धा त्या आधी तिच्या पाया पडत.

एक हिवाळा नीट गेला. दुसरा सुरू झाला आणि वैजयंतीबाईंना कामासाठी लांब जावे लागले. निघताना त्या गोजराताईंना ते शब्द सांगून गेल्या, जे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितले. लेकी समजून सांभाळा.

आता बघा, लेकी म्हटल्यावर गोजराताईंचे मन कसे स्वस्थ बसेल? बाहेर आषाढी एकादशी झाली. त्यांनी चातुर्मास धरला, एकच वेळ जेवायचे आणि रोज हरिपाठ म्हणायचा. संध्याकाळी त्या टाकीतले पाणी तपासायला येत तेव्हा खोलीत मिट्ट काळोख. त्यांच्या घरात, त्यांच्या गावात, तिन्हीसांजेला असा काळोख कुणी ठेवत नाही. दारात दिवा नसेल तर लक्ष्मी परत जाते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. आणि इथे तर लेकी होत्या.

बाहेरच्या खोलीत थंडीचे यंत्र सांभाळणाऱ्या आशुतोषला त्यांनी दारातूनच विचारले, की एक निरांजन ठेवले तर चालेल का. तो हसून म्हणाला, की आत काडीसुद्धा ओढायची नाही, नाहीतर लेकींचं कालवण होईल. त्याला ती थट्टाच वाटली. तो आपल्या कामाला लागला आणि विसरून गेला.

गोजराताईंनी बाजारातून सेलवर चालणारा एक छोटा पांढरा दिवा आणला. स्टीलच्या ताटलीत हळदकुंकू वाहून तो पाइपामागे स्टुलावर ठेवला आणि हात जोडून म्हणाल्या, “कार्तिकीपरयंत अखंड ठेवीन. माज्या या पोरींना सांबाळ.”

मित्रांनो, तो दिवा लागला तेव्हा मी वर होते.

उजेड अंगावर पडताच मी दगडासारखी खाली गेले. सगळ्याच गेल्या. तळाच्या कोपऱ्यात आम्ही एकमेकींना चिकटून, सावलीची वाट पाहत राहिलो. सावली आली नाही. मग वाटले, आता मावळेल. सगळे उजेड मावळतात. हा मावळेना. आतले घड्याळ म्हणाले, आता वर. डोळे म्हणाले, वर उजेड आहे, मरशील. मी वर निघायची आणि मध्येच वळायची. पुन्हा निघायची, पुन्हा वळायची. माझा आयुष्यभराचा नेम असा अर्ध्या पाण्यात अडकला.

त्याहून वाईट पुढेच होते. काही दिवसांनी वर्षाचे घड्याळही चळले. इतका उजेड म्हणजे उन्हाळा आला, असे शरीराला वाटले. उपास मोडला. दडपलेली भूक जागी झाली, आणि ती साधी भूक नव्हती. आत आग लागावी तशी. पण वैजयंतीबाईंच्या सांगण्याप्रमाणे हिवाळ्यात आम्हाला शेवाळाची जेमतेम चिमूट मिळत होती, कारण हिवाळ्यात आम्हाला तेवढीच लागते. उन्हाळ्याची भूक आणि हिवाळ्याचे ताट.

आमचा थवा फाटला. कुणी वर, कुणी खाली, कुणी नुसतीच भिंतीवर आपटत. समुद्रात एकटी क्रिल म्हणजे मेलेली क्रिल, आणि आम्ही सगळ्या एकाच टाकीत एकट्या झालो. मग एका बहिणीने कात टाकली. कात टाकल्यावर अंग मऊ असते, पळता येत नाही. तिच्यावर दोघी जाऊन बसल्या. आमच्याच दोघी. ती थोडा वेळ हलत राहिली. माझ्याही पायांना तिकडे जावेसे वाटले, आणि त्या क्षणी मला देवमाशाची कधी वाटली नव्हती एवढी माझीच भीती वाटली.

रोज सकाळी गोजराताई मेलेल्या काढत. त्यांचे ओठ हरिपाठ म्हणत. लेकींना दृष्ट लागली, असे त्यांना वाटले. काय करू म्हणजे या वाचतील, असे त्या देवाला विचारत. आणि एके दिवशी, आम्हाला वाचवायला म्हणून, त्यांनी दिवा स्टुलावरून उचलून टाकीच्या काठावर आणून ठेवला.

मी त्यांना कसे सांगणार होते? मला आवाज नाही. मी काचेजवळ जाऊन जोरजोरात पाय मारले. त्यांना वाटले, मी दिव्याला नमस्कार करते आहे. त्यांचे डोळे भरून आले.

शेवटी त्यांनीच वैजयंतीबाईंना फोन केला. बाई काम अर्धे टाकून आल्या. आल्या आल्या त्यांनी बाहेर आशुतोषला यंत्राबद्दल विचारले, पाण्यातल्या मिठाबद्दल विचारले. सगळे ठीक होते. मग त्यांनी लाल बॅटरी लावून दार उघडले, आणि बॅटरीची गरजच उरली नव्हती.

दारातच त्या थांबल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हा दिवा कधीपासून आहे, गोजराताई?”

“एकादशीपासना. अखंड हाय, बाय.” गोजराताईंना काही कळेना. “तुमीच बोललाव ना, लेकी समजा म्हनून. लेकींना तिन्हीसांजंला काळोखान कोन ठेवील?”

वैजयंतीबाई रागावल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या, कपाळाला हात लावून. म्हणाल्या, “यंत्राला मी सगळं समजावून गेले. तुम्हाला मात्र नुसतं लेकी म्हणून गेले. काळोख का ठेवलाय, ते सांगितलंच नाही.”

मग त्यांनी विचारले, “तुमचा चातुर्मास आहे ना? रोज उपासाच्या वेळी कुणी तुमच्यापुढे ताट मांडलं, जेवायला चला म्हणून हाका मारत राहिलं, आणि ताट रिकामं असलं, तर?”

“उपासबी मोडायचा न् पोटबी जलायचं,” गोजराताई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर टाकीकडे गेली. आमच्याकडे. मग दिव्याकडे.

“यांचाही चातुर्मासच चालू आहे,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “काळोख हाच यांचा नेम. उजेड म्हणजे यांना जेवायचं बोलावणं.”

गोजराताई मटकन खाली बसल्या. त्यांचा आवाज माझ्यासारखाच भ्यालेला होता. “मंग आता काय करू, बाय? अखंड बोललंय मी. विझवला तं पोरींवर यईल. ठेवला तं पोरी जातील.”

मी काचेला टेकून होते. त्या एका वाक्यावर आम्ही उरलेल्या सगळ्या टांगलेल्या होतो. मला वाटले, या दिवा विझवणार नाहीत. ज्याने वर्षानुवर्षे नेम पाळला आहे, त्याला तो मोडायला सांगणे म्हणजे काय, हे माझ्याइतके कुणाला कळणार?

वैजयंतीबाई म्हणाल्या, “विझवू नका. हलवा. जिथे उजेड लागतो, तिथे लावा.”

गोजराताई उठल्या. त्यांनी दिवा ताटलीसकट उचलला आणि पदराखाली झाकला, थंडीत तान्ह्याला झाकतात तसा. दुसरा हात काचेवर ठेवला. तोच हात, जवळ्याचा वास असलेला.

“पोरींनो, मी काळोख राखीन,” त्या म्हणाल्या. “तुमी तुमचा नेम राखा.”

दार लागले. काळोख झाला.

तुम्हाला वाटेल, आता आनंद झाला असेल. नाही हो. इतक्या दिवसांच्या उजेडानंतर तो काळोख अंगावर कोसळला. मी आत लक्ष देऊन पाहिले. घड्याळ गप्प होते. वर जायचे की खाली, कुणी सांगेना. माझ्या बहिणी कुठे आहेत ते कळेना. मला जन्माच्या वेळचा तो खोल काळोख आठवला. पण तेव्हा आत हाक होती. आता तीही नव्हती. घड्याळ एकदा मोडले की पुन्हा लागते का, हे मला माहीत नव्हते, आणि विचारायला आई नव्हती.

मी फक्त तरंगत राहिले. आम्हाला थांबता येत नाही, पाय थांबले की आम्ही बुडतो. म्हणून पाय मारत राहिले. किती काळ गेला, सांगता येणार नाही. आणि मग अगदी आतून, फार बारीक, कुणीतरी कूस बदलावी तसे झाले.

आता वर.

मला विश्वास बसेना. तरी मी निघाले. एकटीच, जीव मुठीत धरून, प्रत्येक क्षणाला पांढऱ्या उजेडाची वाट पाहत. अर्ध्या पाण्यापर्यंत आले. याच जागी मी रोज वळत होते. मी वळले नाही. तेवढ्यात माझ्या डाव्या मिशीला पाण्याची थरथर लागली. दुसऱ्या कुणाचे तरी पाय हलत होते. मग उजवीकडेही. मग खालून. सगळ्या नव्हत्या, निम्म्याहूनही कमी उरलो होतो. पण आम्ही एकाच वेळी वर निघालो होतो, आणि आम्हाला बाहेरून कुणी बोलावले नव्हते.

मित्रांनो, त्या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. मी म्हातारी झाले आहे. पुढचा हिवाळा मला दिसेल असे वाटत नाही, म्हणून तुम्हाला एक मागणे मागते. कुणावर माया करायची तर आधी त्याला काय लागते ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्याकडे नीट पाहा. आणि रात्रीला रात्र राहू द्या. उगाच जळणारे दिवे बंद करा. तुमच्या खाडीतल्या माशांना, चिखलातल्या खेकड्यांना, कांदळवनात झोपणाऱ्या पाखरांनाही आत एक घड्याळ आहे. ते त्यांनी आईकडून मागून आणलेले नाही, म्हणून हरवले तर दुसरे मिळत नाही.

भीती माझी अजून गेलेली नाही. दार वाजले की मी तळाला जाते. पण आता कोण येते ते मला ठाऊक आहे.

बाहेर पुन्हा आषाढ आहे. आमचा दिवा लागायचा थांबला आहे. गोजराताई दिवाळ्याच्या गावदेवीपुढे आपला अखंड दिवा लावून, त्याचे सेल बदलून, तिन्हीसांजेला चालत इथे येतात. मोबाइल बाहेर टेबलावर ठेवतात. दाराखालच्या फटीला गोणपाट लावतात, म्हणजे व्हरांड्यातला उजेड आत येऊ नये. मग स्टुलावर बसतात. त्यांचे ओठ हलतात, आवाज येत नाही. आपल्या लेकींना त्या काळोखात एकटे ठेवत नाहीत, काळोखात सोबत करतात.

आत्ताही त्या येऊन बसल्या आहेत. गोणपाट लावून झाले. खोली काळीभोर झाली आहे आणि माझ्या आत कुणीतरी कूस बदलले आहे.

मी पाय हलवते आणि हळूच वर निघते.